दुसऱ्या भागाचा शेवट

पडद्यावरच्या बाईने कडीला हात घातला. कडी खाली आली, दाराची फट बोटभर रुंदावली आणि पडदा काळा पडला. दिवे लागले. समोर बसलेल्या अकरा म्हाताऱ्यांपैकी नऊ जण तसेच पुढे झुकून राहिले आणि त्यांच्या कपाळावरच्या ताणपट्ट्यांनी पाठवलेले आकडे भिंतीवरच्या तक्त्यात एकेक करून चढत गेले. मागे उभ्या असलेल्या तेजल सरनोबतला कुणी पट्टी बांधली नव्हती. बांधली असती तर तिचा आकडा सगळ्यांच्या वर गेला असता, फक्त तो उत्सुकतेचा नसता, संतापाचा असता.

तेवीस वर्षं ती चित्रपटांचं संकलन करत होती. दुसऱ्यांनी टिपलेली दृश्यं कापायची, जोडायची आणि त्यातून गोष्ट उभी करायची, हा तिचा धंदा. त्यामुळे कुठला काप गोष्टीसाठी मारलाय आणि कुठला गिऱ्हाईक परत यावं म्हणून, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. हा दुसऱ्या जातीचा होता. हा कितवा भाग, असं तिने विचारलं तेव्हा शेजारच्या डॉक्टर नसीमा बागवान म्हणाल्या, चौथा. एकूण किती, तर ते ठरलेलं नाही, म्हणाल्या. मालिका आखलेली होती, पण तिला शेवट आखलेला नव्हता. तेजलने मनात म्हटलं, म्हणजे इथेही तेच. म्हातारी, आजारी माणसं धरून बसवायची आणि त्यांनाही लटकवायचं.

कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना बाराव्या किलोमीटरला हे कथापोषण केंद्र होतं. विसरण्याचा आजार जडलेल्या माणसांना इथे गोष्टी दाखवून जपतात, एवढंच तेजलला ठाऊक होतं. तिचे वडील, आबा, पाच वर्षांपासून इथे होते. ती मात्र हैदराबादेहून आज पहिल्यांदा आली होती, आणि तेही केंद्राचं पत्र आलं म्हणून. पत्रात दोन ओळी होत्या. आपले वडील आता घरच्यांपैकी फक्त आपल्याला ओळखतात. शक्य तितक्या लवकर या.

या दोन ओळींवर तिचा काडीचा विश्वास बसला नव्हता. जो माणूस अकरा वर्षं तिच्याशी बोलला नाही, ज्याने तिच्या सहा पत्रांपैकी एकालाही उत्तर दिलं नाही, तो सगळ्या जगाला विसरून नेमका तिलाच कसा ओळखेल? यात काहीतरी काळंबेरं होतं. तरी ती आली, कारण तिला माफी मागायची होती. चार वाक्यं तिने वाटेत पाठ केली होती. ती बोलायची, आबांनी डोक्यावर हात ठेवायचा आणि भांडण मिटायचं. याहून जास्त तिला काही नको होतं.

व्हरांड्यात तिचा भाऊ विश्वजित बसला होता. शिरोलीच्या कारखान्यातली पाळी संपवून तो रोज दुपारी इथे यायचा, आबांची दाढी करायचा, नखं कापायचा, त्यांना फिरवून आणायचा. पाच वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नव्हता. त्याने तेजलकडे अशा नजरेने पाहिलं, की ही आत्ताच का उगवली. नेमकं तेच ती त्याच्याविषयी मनात म्हणत होती, की हा इतकी सेवा कशासाठी करतोय. भावाबहिणींत अकरा वर्षांची भिंत उभी राहिली की अशी भुतं दिसू लागतात. तेवढ्यात आबा आतून बाहेर आले आणि विश्वजितला म्हणाले, पाहुणे, चहा झाला का तुमचा? विश्वजित हो म्हणाला. तीन वर्षं तो रोज हो म्हणत होता.

मग आबांनी तेजलकडे पाहिलं. एकोणऐंशी वर्षांचे उदयसिंह सरनोबत, एके काळचे नावाजलेले दिग्दर्शक. त्यांची पाठ ताठ झाली.

"आलीस? बस. आता सांग तेजे, कुणाच्या सांगण्यावरनं लावलास तो तुकडा?"

तोच आवाज, तोच रोख, भुवई तशीच वर गेलेली. या माणसाला काहीएक झालेलं नाही असंच कुणालाही वाटलं असतं. तिने पाठ केलेलं पहिलं वाक्य ओठांवर आणलं, आणि डॉक्टर बागवान मध्येच उभ्या राहिल्या. आज नको, म्हणाल्या, आणि तिचा दंड धरून तिला अक्षरशः ओढत आपल्या खोलीत घेऊन गेल्या.

तो तुकडा म्हणजे काय, हे सांगायला हवं.

आबांनी ‘तळगाव’ नावाचा तीन भागांचा चित्रपट आखला होता. पहिल्या भागात धरणाखाली गाव बुडतं आणि गौराक्काचा भाऊ हरवतो. दुसऱ्या भागात गौराक्का त्याला शोधत सतरा वसाहती पायी हिंडते आणि शेवटच्या घराचं दार वाजवते. दार उघडतं, आणि आबांच्या मते दुसरा भाग तिथेच संपायला हवा होता. दारामागे कोण, ते तिसऱ्या भागात. त्या तिसऱ्या भागात भाऊ दारात उभा असतो आणि बहिणीला ओळख दाखवत नाही. आबांचं म्हणणं, मधल्या भागाला शेवट नसतोच. प्रेक्षकाने घरी जाताना खाज घेऊन जायला हवी.

तेजलला हे पटत नव्हतं. तिचं म्हणणं, तीन तास बसलेल्या माणसाला काहीतरी हातात देऊन पाठवा. पुढची गोष्ट उरली तर उरू दे, पण या भागाने विचारलेला प्रश्न या भागात मिटला पाहिजे. नाहीतर तो चित्रपट नव्हे, जाहिरात. यावरून दोघांची महिनाभर खडाजंगी चालली होती.

आणि सरनोबतांच्या चित्रशाळेत एक रीत होती, ‘शेवटचा हात’ नावाची. संकलन होत आलं की दिग्दर्शकाने खोलीतून उठायचं आणि परत यायचं नाही. शेवटचा हात संकलकाचा. तयार झालेला चित्रपट दिग्दर्शकाने पहिल्या खेळाला लोकांत बसूनच पाहायचा. ही रीत आबांनीच पाडली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. तेजलने त्या रीतीचा फायदा घेतला. टाकून दिलेल्या चित्रणात भावाचं काम करणाऱ्या नटाचा एक चेहरा होता, चहा आला म्हणून खुशीने हसलेला. तो चाळीस सेकंदांचा चेहरा तिने उघडलेल्या दारामागे लावून टाकला. झालं. भावाने बहिणीला ओळखलं.

पहिल्या खेळाला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले आणि ते घरी गेले. तिसरा भाग कधी, असं एकानेही विचारलं नाही. निर्माते म्हणाले, आता सांगायचं उरलंय काय? तिसरा भाग झालाच नाही. आबा तेजलला एकच वाक्य बोलले, की तू माझी गोष्ट मारलीस, आणि त्यानंतर बोलणं बंद. तेजल तेव्हाही म्हणत होती आणि आजही म्हणत होती, की तो चेहरा नसता तर लोकांनी खुर्च्या फाडल्या असत्या. मग तिसऱ्या भागाला आलं कोण असतं? दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरलं नाही ते नाहीच.

डॉक्टरांच्या खोलीत तेजल बसलीच नाही. माझ्या वडिलांशी मला बोलू देत नाही याचा अर्थ काय, असं तिने उभ्याउभ्याच विचारलं. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. पन्नाशीची शांत बाई. त्यांनी भिंतीवर मेंदूचं चित्र लावलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"तेजलताई, एखादी गोष्ट अर्धवट राहिली की मेंदू तिची गाठ उघडी ठेवतो आणि तुमच्या नकळत ती सारखी चाचपत राहतो. गोष्ट पूर्ण झाली की एक विशिष्ट क्षण येतो, त्याला आम्ही मिटक्षण म्हणतो. पट्टीवर तो स्वच्छ दिसतो. त्यानंतर मेंदू चाचपणं थांबवतो आणि गोष्ट कोठारात टाकतो."

"ते सगळ्यांचंच होतं."

"हो. तुमचं माझं कोठार शाबूत आहे. यांचं जळून गेलंय. म्हणजे यांच्यात जे मिटलं ते गेलं. उघड्या गाठीत जे आहे तेवढंच शिल्लक."

तेजलला तिच्या धंद्याच्या भाषेत हे लगेच कळलं, आणि लगेच कळलं म्हणूनच तिला त्याचा संशय आला. इतकी बेतशीर गोष्ट खरी नसते, तिच्यावर कुणीतरी हात फिरवलेला असतो. आलेख दाखवायला निघालेल्या डॉक्टरांना तिने थांबवलं. आलेख कुणीही काढतो, म्हणाली. मी स्वतः करून पाहीन, माझ्या हाताने, आणि प्रश्नही मीच विचारीन. डॉक्टर हो म्हणाल्या. इतक्या सहज हो म्हणाल्या म्हणून तिला आणखी संशय आला.

केंद्राच्या चित्रयंत्राला तोंडी सांगितलं की ते हवं ते दृश्य रचून देत असे. तेजलने दोन इवल्याशा गोष्टी रचल्या. एकीत एका गृहस्थाची छत्री हरवते, तो घर पालथं घालतो आणि छत्री दारामागे सापडते. दुसरीत दुसऱ्या गृहस्थाचा चष्मा हरवतो, तोही घर पालथं घालतो, आणि गोष्ट तिथेच तुटते. काप तिने स्वतः मारला. सोमवारी सकाळी आबांना दोन्ही दाखवल्या. मंगळवारी छत्रीचं विचारलं तर त्यांनी कोरा चेहरा केला. कसली छत्री? चष्म्याचं मात्र तिला विचारावंच लागलं नाही. तिला पाहताच आबा म्हणाले, तुझा तुकडा नंतर, आधी सांग, त्या येड्याला चष्मा सापडला का? बुधवारी तेच, गुरुवारी तेच.

शुक्रवारी तिने राहिलेला शेवट जोडून दाखवला. चष्मा गृहस्थाच्या कपाळावरच असतो. आबा खो खो हसले. पट्टीवरची रेघ एकदम खाली आली आणि सपाट झाली. शनिवारी तिने विचारलं, आबा, चष्मा? ते म्हणाले, मला कुठे चष्मा लागतो? हसणं गेलं, गृहस्थ गेला, त्याचं अख्खं घर गेलं. आणि हे दुसऱ्या कुणी नव्हे, तेजलने स्वतः केलं होतं.

त्या दुपारी ती डॉक्टरांच्या खोलीत आपणहून जाऊन बसली. तिला आता दोन गोष्टी दिसत होत्या. आबा तिला ओळखत होते ते मुलगी म्हणून नव्हे, न मिटलेलं भांडण म्हणून. आणि तिने ती चार वाक्यं बोलून आबांनी डोक्यावर हात ठेवला असता, तर दुसऱ्या दिवशी तीही त्या छत्रीसारखी गेली असती. एवढं कळल्यावर जो प्रश्न कुणालाही पडेल तोच तिने विचारला. मग मला बोलावलं कशाला? गाठ कापणारी सुरी हातात असलेल्या पाहुण्याला आत घ्यायचं कारण काय? माझ्या माफीचा मिटक्षण मोजायचा होता का तुम्हाला?

डॉक्टरांनी कपाटातून एक पाकीट काढलं. त्यात तिची सहाही पत्रं होती, न फोडलेली. आणि एक अर्ज होता. दाखल होताना, शुद्ध शाबूत असताना, प्रत्येकाला इथे विचारत, की तुमच्या आयुष्यातली कुठली गाठ आम्ही उघडी ठेवू? एक गाठ केंद्र जिवापाड जपत असे. अर्जावर आबांचं अक्षर होतं, थोडं थरथरलेलं पण वाचता येणारं.

‘तेजलशी भांडण. हे मिटवायचं नाही. तिची पत्रं येतील, ती मला देऊ नयेत. ती माफीच मागणार, मी तिला ओळखून आहे. विश्वाची चिंता नाही, तो रोज समोर असणार. जो प्रत्येक चौकटीत आहे त्याला प्रेक्षक विसरत नाही.’

तेजलने ते तीनदा वाचलं आणि मग ती मोठ्याने रडली. पहिली सहा वर्षं आबा खरोखरच रागावले होते. पण नंतरची पाच वर्षं ज्याला ती दगडाचं काळीज म्हणत आली, ती त्यांनी तिला धरून ठेवण्यासाठी केलेली धडपड होती. तिने त्यांच्यावर इतका संशय घेतला होता, आणि इथे तो सगळाच्या सगळा खोटा ठरत होता. तिला त्यांच्याविषयी इतका उमाळा आला, की आत्ताच्या आत्ता धावत जाऊन त्यांना मिठी मारावी असं वाटलं. आणि तेच नेमकं करायचं नव्हतं.

शेवटची ओळ मात्र चूक होती, आणि ती चूक एखादा दिग्दर्शकच करू जाणे. जो समोर आहे तो राहतो, असं त्यांना वाटलं. विश्वजितशी त्यांचं काही अर्धवट नव्हतं. त्याने कधी उलट उत्तर दिलं नाही, कधी काही अडवून ठेवलं नाही, जे मागितलं ते केलं. रोजची दाढी रोज पूर्ण होत होती. दोन वर्षांत तो पुसला गेला आणि पाहुणा होऊन उरला.

तेजलने डोळे पुसून पुन्हा तोच प्रश्न विचारला, की मग मला बोलावलं का. डॉक्टर म्हणाल्या, कारण तुमचीही गाठ सैल होतेय. वर्षापूर्वी आकडा चौऱ्याहत्तर होता, आता अडतीस. तिसाच्या खाली ती आपोआप सुटते. पाच वर्षं त्याच जागी लटकवलेला प्रेक्षक कंटाळून उठून जातो. पुढचा भाग लागणार, आणि त्यात त्याला काहीतरी द्यावं लागणार. एक मिटवायचं आणि त्याच हाताने दुसरं उघडायचं.

"म्हणजे माझंच बरोबर होतं," तेजल म्हणाली.

"अर्धं तुमचं. अर्धं त्यांचं."

तिला यात जिंकल्याचा आनंद झाला नाही. ती उठून व्हरांड्यात आली. विश्वजित आबांची कापलेली नखं कागदात गोळा करत होता. ती त्याच्याजवळ बसली आणि तिने त्याला सगळं सांगितलं, अर्जातल्या शेवटच्या ओळीसकट. त्याने नखांच्या कागदाची पुडी बांधली. मग म्हणाला, मला वाटलं, तू आल्यावर काहीतरी बिघडवशील. तीही म्हणाली, की मला वाटत होतं तू जमीन नावावर करून घ्यायला इथे येतोस. दोघंही खजील झाले.

मग विश्वजितने एक गोष्ट सांगितली. आबा अजूनही विश्वाचं नाव घेतात, म्हणाला, पण त्या भांडणातल्या विश्वाचं. पहिल्या खेळासाठी चित्रपटाची पेटी चित्रशाळेतून चित्रगृहात मीच नेली होती ना. ते मला ते रोज सांगतात. म्हणतात, पाहुणे, पेटी न्यायला माझा थोरला आला होता, निळा सदरा घालून. मी समोर बसून ऐकतो. हे सांगताना त्याचा आवाज इतका साधा होता, की तेजलला ते सहन झालं नाही.

गाठीत जे अडकलं ते सगळं टिकतं. म्हणजे विश्वा मेलेला नव्हता. तो त्या भांडणाच्या कडेला, पेटी हातात घेऊन, निळ्या सदऱ्यात उभा होता. त्याला तिथून पुढे आणायचं तर एकच वाट होती. नवं भांडण काढून उपयोग नव्हता, ते पाहुण्याशी झालं असतं. जुन्याच भांडणातला प्रश्न त्याच्याकडे वळवायला हवा होता, आणि तो वळला की तेजलला विचारायचं आबांपाशी काही उरणार नव्हतं. डॉक्टरांना तिने हे विचारलं तेव्हा त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि तिला एक दिवस विचार करायला सांगितलं. तिला दिवस नको होता. दिवसभर विचार केला असता तर तिने ते केलं नसतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. अकरा वर्षांनी बाप ओळखतोय, आणि तो कुणाला स्वतःच्या हाताने सोडायचा असतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आबांच्या समोर बसली. विश्वजितला तिने शेजारी बसवलं होतं, काय करणार ते न सांगता. आबांनी पाठ ताठ केली.

"आता सांग तेजे, कुणाच्या सांगण्यावरनं लावलास तो तुकडा?"

कुणाच्याही सांगण्यावरून नव्हता. तिचा एकटीचा होता. पहिल्यांदा तिने नटाचा खोटा चेहरा लावला होता, आता भावाचा लावायचा होता.

"दादाच्या," ती म्हणाली. "पेटी न्यायला आला तेव्हा म्हणाला, लोक रडत घरी जातील. आबांना कळू देऊ नकोस, एवढा एक चेहरा लाव. मी लावला. आबा, तो चेहरा चहा आला म्हणून हसलेला होता."

आबा तिच्याकडे पाहत राहिले. पट्टीवरची रेघ खाली येऊ लागली. चहा, ते हळूच म्हणाले, आणि गालातल्या गालात हसले. अकरा वर्षांची अढी तिच्या डोळ्यांदेखत सुटत होती. अगदी हेच तिला हवं होतं, आणि ती ते दोन्ही डोळ्यांनी साठवत होती. मग आबांची मान वळली. तेजलने बोट केलं होतं तिकडे. पांढऱ्या केसांच्या, निबर हातांच्या त्या माणसाला ते निरखत राहिले, खूप वेळ.

"विश्वा," ते म्हणाले. "तू होय रे? घरातला तू?"

तीन वर्षांनी बापाने ओळखून नावाने हाक मारल्यावर विश्वजितचा चेहरा लहान मुलासारखा झाला. आणि त्याच वेळी आपल्यावर काय ढकललं गेलंय तेही त्याला कळलं. आयुष्यात त्याने आबांपासून एक गोष्ट लपवली नव्हती. तो सांगायला पुढे सरकला, की आबा, मी असं कधीच… तेजलने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"उत्तर देऊ नकोस, दादा. आज नको, उद्याही नको."

भिंतीवरचा खाली गेलेला आकडा पुन्हा चढायला लागला होता. तो एक्याऐंशीला थांबला.

त्यानंतर तेजल तीन दिवस आत गेलीच नाही. तिच्यात धीर नव्हता, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. चौथ्या दिवशी गेली तेव्हा व्हरांड्यातून आबांचा चढलेला आवाज ऐकू येत होता. विश्वजित दाढीचा साबण हातात घेऊन उभा होता आणि आबा त्याला धारेवर धरत होते. विश्वा, मी तुला लहानाचं मोठं केलं ते यासाठी? बोल की, तोंड शिवलंय का? विश्वजित काही बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचं तोंड मात्र हसत होतं.

आबांनी दाराकडे पाहिलं. तिला पाहून त्यांनी आवाज उतरवला, परक्या बाईसमोर माणूस उतरवतो तसा, आणि विश्वजितला खुर्ची द्यायला सांगितली. तेजल बसली. हे होणार हे तिला ठाऊक होतं, तरी ते कुठेतरी खोल लागलं.

मग आबा तिला त्यांचं भांडण सांगू लागले. कुणीही नवा माणूस आला की आता ते सांगत. माझी मुलगी संकलक आहे, म्हणाले, फार हुशार. एका चित्रपटावरून कितीतरी वर्षं मी तिच्याशी अबोला धरला. पण तिचा काही दोष नव्हता हो बाई. या ठोंब्याने तिला भरीस घातलं. माझी तेजी सोन्यासारखी पोर आहे. भेटली तर तिला सांगा, तिचा बाप तिच्यावर रागावलेला नाही.

तेजलने हो, सांगते, असं म्हटलं. ज्याच्यासाठी ती हैदराबादेहून आली होती ते सगळंच्या सगळं तिला मिळालं होतं, फक्त देणारा तिला ओळखत नव्हता. ती जायला उठली. आबांनी तिला हाताने थांबवलं.

"तुम्ही चित्रपट बघत असाल. तिऱ्हाईत म्हणून सांगा. दार उघडल्यावर तिथेच थांबायचं, की आत कोण आहे ते दाखवायचं?"

तेवीस वर्षांचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. तिने आबांच्या कपाळावरच्या पट्टीकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. ते खुर्चीत पुढे झुकले होते.

"माझं या बाबतीत फार ठाम मत आहे," ती म्हणाली. "पण ते आज सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच आबा व्हरांड्यात येऊन बसले. विश्वजित साबण घेऊन आला तर त्यांनी त्याला हात केला. थांब रे विश्वा, म्हणाले, दाढी नंतर. कालच्या त्या बाई यायच्या आहेत.